टेबल रिकामे करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात वीज जाते, यूपीएस दम टाकतो, शाखेतले संगणक जोडणारे यंत्र, म्हणजे स्विच, बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी नेटवर्कचे ग्राफ उलटेपालटे दिसू लागतात. 'सांगली शाखा' असे नाव असलेल्या ग्राफवर मिरजेची वाहतूक उमटते आणि मिरजेच्या ग्राफवर सीसीटीव्हीची. लिंक सगळ्या शाबूत असतात, शाखांचे कामही चालू असते, चुकलेली असते ती फक्त नोंद. अशा वेळी फोनवरून एक सल्ला हमखास मिळतो: 'कॅश क्लिअर करा.' हा सल्ला अर्धा बरोबर आहे. कोणती कॅश, कोणत्या क्रमाने पुसायची आणि डेटाबेसमधल्या कोणत्या टेबलाला (नोंदींच्या तक्त्याला) हात लावायचा नाही, हा उरलेला अर्धा भाग कोणी सांगत नाही. मराठीत याबद्दल फारसे लिहिलेही जात नाही, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे. जागेअभावी कापावे लागले तर पायऱ्यांचा क्रम तेवढा जपावा, ही विनंती.

कॅश म्हणजे इथे रोकड नव्हे. दर वेळी मूळ ठिकाणी जाऊन विचारत बसायला नको म्हणून जवळ ठेवलेली नक्कल, ती कॅश. सातबाऱ्याचा उतारा हरवला तर दुसरा काढता येतो, कारण मूळ नोंद दप्तरात असते. ती नोंदच गेली तर उतारा कशावरून काढणार? नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असे उतारे आणि मूळ नोंदी एकाच यादीत, शेजारी शेजारी, मिळत्याजुळत्या नावांनी बसलेल्या असतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की टेबल पुसण्याआधी ते उतारा आहे की मूळ, हे ओळखावे, आणि उतारा असला तरी ज्या यंत्राची तक्रार आहे त्याच्यापुरताच पुसावा.

उदाहरणासाठी कॅक्टी घेतो. २००१ पासून चालत आलेले हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि साध्या सर्व्हरवर चालते, त्यामुळे चार-दोन शाखा असलेल्या संस्थांना परवडते. नेटवर्कवर नजर ठेवून ग्राफ काढणे हे त्याचे काम. त्याची सगळी मांडणी मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये असते आणि मोजमापाचे आकडे आरआरडीटूल या प्रोग्रामच्या फायलींत, म्हणजे आरआरडी फायलींत. टेबलांची आणि आज्ञांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. पडद्यावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, अंडरस्कोरने जोडलेली दिसतील.

गोंधळ मुळात होतो कसा, ते आधी पाहू. कॅक्टीचा पोलर, म्हणजे आकडे गोळा करणारा भाग, दर ५ मिनिटांनी प्रत्येक स्विचला एसएनएमपीने (यंत्रांना माहिती विचारायच्या ठरलेल्या भाषेत) विचारतो की अमुक पोर्टवरून, म्हणजे केबल लावायच्या खाचेतून, आतापर्यंत किती बाइट आत आले आणि किती बाहेर गेले. या संभाषणात पोर्टला नावाने हाक मारत नाहीत, क्रमांकाने मारतात. त्या क्रमांकाला आयएफइंडेक्स म्हणतात. २००० सालच्या आरएफसी २८६३ मध्ये त्याचा नियम आहे: यंत्र सुरू झाल्यापासून ते पुन्हा सुरू होईपर्यंत पोर्टचा क्रमांक बदलता कामा नये. पुन्हा सुरू झाल्यावरही तोच क्रमांक राहील, अशी हमी मात्र त्या नियमात नाही. स्टॅकमध्ये (एकत्र जोडून एकच यंत्र म्हणून चालवलेल्या स्विचांमध्ये) एक स्विच वाढला, पोर्टांचे कार्ड बदलले, एखादा व्हीलॅन इंटरफेस (नेटवर्कच्या आभासी विभागाचा पोर्ट) काढला आणि त्यानंतर वीज गेली, की काल ७ असलेला पोर्ट आज ९ होऊ शकतो. कॅक्टी मात्र ७ लाच विचारत राहते. ७ वर आता दुसरेच कोणी बसलेले असते आणि ते प्रामाणिकपणे स्वतःचा आकडा सांगते. म्हणून ग्राफ तुटत नाही, खोटा होतो. तुटलेला ग्राफ कोणाच्याही लक्षात येतो; खोटा महिनोन् महिने तसाच चालतो.

यात गुंतलेली टेबले तीन. पहिले होस्ट_एसएनएमपी_कॅश. प्रत्येक स्विचच्या पोर्टांची यादी यात असते: क्रमांक, नाव, वर्णन, वेग, आयपी. ही यादी स्विचकडून एकदा मागवून ठेवतात, कारण ४८ पोर्टांच्या स्विचवर दहा रकाने विचारायचे म्हटले तरी ४८० उत्तरे होतात. दर ५ मिनिटांनी तो भार कशाला? दुसरे पोलर_आयटम. ही पोलरच्या हातातली कामाची चिठ्ठी. कोणत्या आयपीला, कोणत्या कम्युनिटीने (एसएनएमपीच्या परवलीच्या शब्दाने), कोणता ओआयडी (माहितीचा ठरलेला क्रमांक) विचारायचा आणि आलेला आकडा कोणत्या फाइलीत टाकायचा, हे सगळे यात तयार लिहिलेले असते. पोर्टचा क्रमांक ओआयडीच्या शेपटीला चिकटलेला असतो: १.३.६.१.२.१.२.२.१.१०.७ म्हणजे ७ क्रमांकाच्या पोर्टवर आत आलेले बाइट. यादी सुधारली पण चिठ्ठी जुनीच राहिली, तर पोलर ७ लाच विचारणार. म्हणून आधी यादी, मग चिठ्ठी. उलटे केले तर जुन्याच यादीवरून चिठ्ठी पुन्हा लिहिली जाते आणि 'कॅश क्लिअर करून पाहिली, फरक पडला नाही' असे ऐकायला मिळते. तिसरे पोलर_रीइंडेक्स, ज्यात यादी पुन्हा कधी मागवायची याची खूण असते. ही तिन्ही उतारे आहेत. स्विच जिवंत असेल तर पुन्हा काढता येतात.

आता मूळ नोंदी. होस्ट, डेटा_लोकल, ग्राफ_लोकल आणि डेटा_टेम्प्लेट ने सुरू होणारी टेबले ही मूळ आहेत. कोणते मोजमाप कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टचे, हे नाते डेटा_लोकलमध्ये आहे. ते पुसले तरी डिस्कवरची आरआरडी फाइल जात नाही, पण ती कोणाची हे सांगणारे कोणी उरत नाही. फाइलीच्या नावाच्या शेवटी ५१२ सारखा एक आकडा असतो, तो याच टेबलातला. नव्याने नोंद केली की नवा आकडा, नवी फाइल, आणि दोन वर्षांचा इतिहास जुन्या फाइलीत अडकून पडतो.

सगळ्यात मोठा सापळा नावांचा. ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये टेबले अकारविल्हे लागतात. तिथे होस्ट_एसएनएमपी_कॅशच्या बरोबर खालची ओळ होस्ट_एसएनएमपी_क्वेरीची असते. वरचे टेबल उतारा, खालचे मूळ: कोणत्या स्विचला कोणती क्वेरी जोडली आहे आणि पोर्ट कशावरून ओळखायचा, हे खालच्यात असते. प्रत्येक ओळीत 'एम्प्टी' (टेबल रिकामे करणारे) आणि 'ड्रॉप' (टेबलच काढून टाकणारे) ही दोन बटणे एकमेकांना चिकटून आहेत. रात्री अकरा वाजता, लॅपटॉपच्या टचपॅडवर, एक ओळ आणि एक बटण चुकायला कितीसा वेळ लागतो? या कामासाठी पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तसेच नुसत्या 'पोलर' नावाचे टेबल नव्या आवृत्त्यांत असते. त्यात माहिती गोळा करणाऱ्या सर्व्हरांची यादी आहे. पोलर_आयटम समजून ते रिकामे केले तर गाडाच थांबतो.

पोलर_आउटपुट हे टेबल या दोन्ही गटांत बसत नाही. ते उताराही नाही आणि कायमची नोंदही नाही. ती टपालपेटी आहे. स्विचकडून आलेले पण अजून आरआरडी फाइलीत न पोचलेले आकडे त्यात थांबलेले असतात. लॉगमध्ये 'पोलर आउटपुट टेबल नॉट एम्प्टी' असा इशारा आला की ट्रंकेट (टेबल एकदम रिकामे करायची आज्ञा) मारून मोकळे व्हायची सवय आहे, म्हणजे न वाटलेली पत्रे जाळून पेटी रिकामी करण्यासारखे झाले. त्यासाठी कॅक्टीच्या सीएलआय (कमांड लाइनवरच्या स्क्रिप्टच्या) फोल्डरमध्ये पोलर_आउटपुट_एम्प्टी नावाची पीएचपी स्क्रिप्ट आहे. ती आकडे फाइलींत पोचवते आणि मग जागा मोकळी करते. शिवाय इशारा का आला ते शोधावे. एक तर पोलरची फेरी ३०० सेकंदांत संपत नसते, किंवा एखाद्या पोर्टचा आत येणारा आकडा मिळतो, बाहेर जाणारा मिळत नाही, आणि जोडी पूर्ण होण्याची वाट पाहत ती ओळ तिथेच पडून राहते. कारण तेच राहिले तर पेटी उद्या पुन्हा भरणार. बूस्ट (आकडे साठवून एकदम लिहिण्याची कॅक्टीची सोय) चालू असेल तर पोलर_आउटपुट_बूस्ट या टेबलात आकडे मुद्दामच साठवून ठेवलेले असतात आणि ठरलेल्या अंतराने एकदम फाइलींत जातात. तिथले काही पुसले म्हणजे प्रत्येक पोर्टचे तेवढ्या वेळाचे मोजमाप गेले.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट, दोष कॅक्टीचाच आहे ना, ते पाहावे. स्विच बदलून नव्याला जुनाच आयपी दिला असेल आणि यंत्र 'डाउन' दिसत असेल, तर बऱ्याचदा राउटरच्या एआरपी टेबलात (कोणता आयपी कोणत्या यंत्राचा, या यादीत) जुन्या स्विचचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा पत्ता, बसलेला असतो. सिस्कोच्या राउटरवर ही नोंद आपसूक पुसली जायला मूळ सेटिंगप्रमाणे ४ तास लागतात. तेवढी एकच नोंद काढावी. स्विचचे मॅक टेबल ३०० सेकंदांत स्वतःच जुन्या नोंदी टाकते, तिकडे काही करावे लागत नाही.

मग कॅक्टीच्या सर्व्हरवरूनच त्या स्विचला एसएनएमपीवॉक (एसएनएमपीने सगळी यादी विचारणारी आज्ञा) करून पोर्टांची नावे मागवावीत आणि कॅक्टीच्या सिस्टिम युटिलिटीजमध्ये 'डेटा क्वेरी कॅश' दाखवणाऱ्या पडद्याशी ताडून पाहावीत. जुन्या आवृत्तीत या पडद्याचे नाव 'एसएनएमपी कॅश' आहे. त्याच पानावर 'एसएनएमपी एजंट कॅश' नावाचे आणखी एक प्रकरण आहे. ते कॅक्टीच्या स्वतःच्या एजंटचे. ते कितीही वेळा रीबिल्ड केले तरी पोर्टांच्या गोंधळात फरक पडत नाही. दोन्ही याद्या जुळत असतील तर कॅशचा दोष नाही, इथेच थांबावे. वॉकला उत्तरच येत नसेल तर नक्कीच थांबावे. मुके यंत्र समोर असताना यादी नव्याने मागवली की कॅक्टी रिकाम्या हाताने परत येते, आणि मग चुकीच्या यादीऐवजी यादीच नाही अशी अवस्था होते.

याद्या जुळत नाहीत असे दिसले तर आधी डम्प, म्हणजे डेटाबेसची फाइलीतली प्रत, घ्यावा. निदान ती तीन टेबले, आणि शक्यतो अख्खा डेटाबेस. आकडे आरआरडी फायलींत असल्यामुळे डेटाबेसचा डम्प सहसा फार मोठा होत नाही. ज्या स्विचचे काम आहे त्याच्या आरआरडी फायलींचीही वेगळी प्रत ठेवावी, कारण बिघडलेली फाइल डम्पमधून परत येत नाही.

त्यानंतर सेटिंग्जमधल्या पोलर टॅबवर 'डेटा कलेक्शन एनेबल्ड'ची खूण काढावी आणि चालू फेरी संपू द्यावी. फेरी संपली की लॉगमध्ये 'सिस्टिम स्टॅट्स' या शब्दांनी सुरू होणारी ओळ येते. तिच्यात फेरीला लागलेला वेळ, होस्टांची (नोंदवलेल्या यंत्रांची) संख्या, डेटा सोर्सेस आणि शेवटी आरआरडीज प्रोसेस्ड असे आकडे असतात. हे आकडे कागदावर लिहून घ्यावेत. काम नीट झाले की बिघडले, याचा निकाल शेवटी याच ओळीवरून लागतो.

आता त्या एका स्विचचे पान उघडावे. ब्राउझरच्या पत्त्यात आयडी म्हणून जो आकडा दिसतो, तो त्याचा होस्ट क्रमांक. पानाच्या खालच्या भागात जोडलेल्या डेटा क्वेरी आहेत. तिथल्या इंटरफेस स्टॅटिस्टिक्सच्या ओळीतले हिरवे गोल चिन्ह दाबले की यादी नव्याने येते. शेजारी 'सक्सेस' आणि कंसात आयटम व ओळींचे आकडे उमटतात. ओळींचा आकडा पोर्ट अधिक व्हीलॅन इंटरफेस यांच्याशी जुळला पाहिजे. शून्य ओळी दिसल्या तर पुढे जाऊ नये. कमांड लाइनवरून करायचे असेल तर सीएलआय फोल्डरमधली पोलर_रीइंडेक्स_होस्ट्स ही स्क्रिप्ट होस्टचा आयडी देऊन चालवावी. आयडीच्या जागी 'ऑल' लिहिण्याचा मोह टाळावा.

दहापैकी नऊ वेळा काम इथेच होते. हाताने पुसायची वेळ येते ती नवी यादी आल्यावरही जुना, अस्तित्वात नसलेला पोर्ट चिकटून राहिला तर. तेव्हा एसक्यूएलच्या काळ्या पडद्यावर जावे, आणि तिथेही ट्रंकेट वापरू नये. मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेट दिले की व्यवहार त्याच क्षणी पक्का होतो, मागे फिरता येत नाही, आणि त्याला 'फक्त याच होस्टच्या ओळी' अशी अट घालता येत नाही. आधी स्टार्ट ट्रान्झॅक्शन द्यावे. मग होस्ट_एसएनएमपी_कॅशमधून त्या होस्ट_आयडीच्या ओळी नुसत्या मोजाव्यात. आकडा त्या एका स्विचला शोभेसा असेल तर तीच अट जशीच्या तशी ठेवून डिलीट द्यावे. 'क्वेरी ओके'च्या पुढे जितक्या ओळी बदलल्या असे येईल, तो आकडा आधी मोजलेल्याइतकाच हवा. तसा असेल तर कमिट (बदल पक्का), एका ओळीचा जरी फरक असला तरी रोलबॅक (बदल मागे). जुन्या ०.८ मालिकेतली टेबले मायआयएसएएम प्रकारची असतात आणि त्यांच्यावर रोलबॅक चालत नाही. तिथे तुमचा डम्प हाच परतीचा रस्ता. पुसून झाले की लगेच पुन्हा हिरवे चिन्ह दाबून यादी भरून घ्यावी. मधे जेवायला उठू नये.

यादी ठीक झाली की चिठ्ठी. रीबिल्ड_पोलर_कॅश ही स्क्रिप्ट होस्ट-आयडी देऊन चालवावी, किंवा त्या स्विचचे पान उघडून नुसते सेव्ह करावे. सेव्ह केले तरी त्या होस्टची चिठ्ठी नव्याने लिहिली जाते. युटिलिटीजमधले 'रीबिल्ड पोलर कॅश' हे बटण सगळ्या होस्टांची चिठ्ठी एकदम लिहायला घेते. मोठ्या मांडणीत याला काही मिनिटांपासून काही तास लागू शकतात आणि ते ब्राउझरमधून करू नये, असे त्या बटणाशेजारीच लिहिलेले आहे. ते कोणी वाचत नाही. पीएचपीची वेळमर्यादा संपली किंवा टॅब बंद झाला की काम अर्ध्यावर तुटते, आणि ज्या होस्टांची काही तक्रार नव्हती त्यांचे ग्राफही पांढरे पडू शकतात.

एक बारीक गोष्ट, पण हमखास नडणारी. या स्क्रिप्ट रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊन चालवू नयेत. पोलर ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, मग तो अपाची असो, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असो की कॅक्टी, त्याच्याच नावाने चालवाव्यात. रूटने चालवल्या की लॉगची किंवा एखाद्या आरआरडी फाइलीची मालकी रूटकडे जाते, आणि पुढच्या फेरीपासून पोलरला तिच्यात लिहिता येत नाही. मग पुन्हा ग्राफ बंद, पुन्हा फोन, आणि पुन्हा तोच सल्ला.

शेवटी पोलर चालू करून दोन फेऱ्या, म्हणजे दहा मिनिटे थांबावे. बाइटचा काउंटर चढता असतो. वेग काढायला दोन वाचने लागतात, त्यामुळे पहिल्या फेरीत ग्राफ कोरा दिसला म्हणून घाबरून पुन्हा पुसायला घेऊ नये. नव्या 'सिस्टिम स्टॅट्स' ओळीतला आरआरडीज प्रोसेस्डचा आकडा कागदावरच्या आकड्याजवळ आला की काम झाले. बराच कमी असेल तर कोणाची तरी चिठ्ठी हरवली आहे.

पोर्ट बदलल्याच्या क्षणी ग्राफवर एक उंच मनोरा दिसू शकतो. नव्या पोर्टचा काउंटर जुन्यापेक्षा लहान असला की आरआरडीटूलला वाटते, काउंटर भरून शून्यावर आला, आणि ते मधली सगळी वाहतूक हिशेबात धरते. डेटा सोर्सला कमाल मर्यादा नीट दिलेली असेल तर असा आकडा फेकला जातो. नसेल तर फाइलीतून तो मनोरा वेगळा काढावा लागतो. कॅश पुसून तो जात नाही. याच जातीचा दुसरा घोळ ३२ बिटच्या काउंटरचा. १०० मेगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहिली तर तो काउंटर साधारण ३४३ सेकंदांत पलटतो, १ गिगाबिटवर ३४ सेकंदांत. ५ मिनिटांनी विचारणाऱ्या पोलरला गिगाबिटवर त्याचा काहीच उपयोग नाही, तिथे ६४ बिटचाच ग्राफ हवा. यातला कोणताही दोष कॅशचा नाही, पण बिल तिच्याच नावावर फाटते.

हे सगळे वारंवार करावे लागत असेल तर चूक री-इंडेक्सच्या, म्हणजे यादी पुन्हा मागवण्याच्या, पद्धतीत आहे. कॅक्टी मुळात 'अपटाइम गोज बॅकवर्ड्स' ही पद्धत लावते: स्विचचा अपटाइम आधीपेक्षा कमी दिसला की तो रीस्टार्ट झाला असे समजून यादी पुन्हा मागवायची. बहुतेक ठिकाणी हे पुरते. पण चालू स्विचमध्ये कार्ड बदलले तर अपटाइम मागे जात नाही. तिथे 'इंडेक्स काउंट चेंज्ड' लावतात, आणि काढलेल्या कार्डावर नव्याइतकेच पोर्ट असतील तर तेही फसते. स्टॅक आणि कार्डांच्या मोठ्या स्विचसाठी 'व्हेरिफाय ऑल फील्ड्स' लावावे. भार वाढतो, पण असे स्विच संस्थेत दोन-तीनच असतात. जाता जाता, अपटाइमचा काउंटर सेकंदाच्या शंभराव्या भागाने वाढतो आणि ३२ बिटचा असतो, म्हणून ४९७ दिवसांनी तो आपोआप शून्यावर येतो. सुमारे सोळा महिने न थांबलेला स्विच एका रात्री 'रीस्टार्ट झाला' असे दिसले तर वीजपुरवठ्याची चौकशी लावण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

मात्र कोणतीही पद्धत लावली तरी पोर्ट नावाने ओळखला जायला हवा. काही स्वस्त स्विच सगळ्या पोर्टांचे वर्णन एकसारखेच पाठवतात. मग कॅक्टीला वेगळेपणा फक्त क्रमांकात सापडतो, ओळख क्रमांकावरच ठरते, आणि क्रमांक हलला की कितीही री-इंडेक्स केले तरी उपयोग होत नाही. सिस्कोच्या यंत्रांवर रीस्टार्टनंतरही क्रमांक तोच ठेवण्याची, म्हणजे आयएफइंडेक्स पर्सिस्टची, आज्ञा आहे. ती कॉन्फिगमध्ये एकदा टाकून सेव्ह करावी.

झॅबिक्स हे याच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे कॅश सर्व्हरच्या मेमरीत असते, टेबले पुसण्याचा प्रश्नच नाही. बदल लगेच लागू व्हायला कॉन्फिग_कॅश_रीलोड, आणि एसएनएमपी व्ही ३ वर (त्या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीवर) स्विच बदलल्यावर एंजिन आयडीचा, म्हणजे यंत्राच्या एसएनएमपी ओळखीचा, घोळ झाला तर एसएनएमपी_कॅश_रीलोड, या दोन रनटाइम आज्ञा सर्व्हर न थांबवता चालतात. किल मायनस ९ ने सर्व्हर मारणे हा कॅश पुसण्याचा मार्ग नव्हे. डेटाबेसमध्ये न उतरलेली वाचने त्यात जातात.

घाई कशासाठी, असे कोणी विचारेल. कॅक्टीच्या जुन्या मूळ मांडणीत ५ मिनिटांची वाचने ६०० ठेवतात, म्हणजे ५० तास. त्यानंतर अर्ध्या तासाच्या सरासरीच्या ७०० ओळी, सुमारे साडेचौदा दिवस. मग दोन तासांच्या ७७५, सुमारे ६४ दिवस. पुढे रोजची एक, ७९७ दिवस. सांगलीच्या फाइलीत मिरजेचे आकडे दोन दिवसांत लक्षात आले तर तेवढा भाग नेमका वेगळा काढता येतो. दोन महिन्यांनी ते सरासरीत मुरलेले असतात. ज्या संस्थेची लाइन ९५ पर्सेंटाइलवर बिल होते, तिला हे पैशांत मोजावे लागते. ३० दिवसांची ८,६४० वाचने, त्यातली वरची ४३२, म्हणजे ३६ तासांची, सोडून पुढच्या आकड्यावर बिल. पुरवठादाराचा आकडा पटला नाही तर तुमच्याकडे त्याच ५ मिनिटांची वाचने हवीत. अर्ध्या तासाच्या सरासरीवरून काढलेला आकडा त्याला लावता येत नाही. अशा लाइनीसाठी ६०० ऐवजी ९,००० ओळी ठेवाव्यात. जुन्या फाइलीला हे आपोआप लागू होत नाही, ती आरआरडीटूलच्या रीसाइझने वाढवून घ्यावी लागते.

म्हणून वार्षिक देखभाल करारावर सही करणाऱ्या सचिवांना, प्राचार्यांना आणि मुख्याधिकाऱ्यांना विनंती आहे. करारात 'सॉफ्टवेअरची देखभाल' एवढेच लिहू नका. डेटाबेसमधले काहीही हाताने पुसण्याआधी डम्प घेतला जाईल. टेबलाचे नाव, होस्टचा क्रमांक, मोजलेल्या आणि पुसलेल्या ओळी, आणि आधीच्या व नंतरच्या 'सिस्टिम स्टॅट्स' ओळी एका वहीत तारीख-वेळेसह लिहिल्या जातील, अशी अट घाला. डेटाबेसचा रूट पासवर्ड देखभालवाल्याकडे असू नये. त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता काढा आणि त्याला ड्रॉपचा अधिकार देऊ नका. मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेटलाही तोच अधिकार लागतो, त्यामुळे एका फटक्यात दोन्ही दारे बंद होतात. फक्त कॅक्टीची नवी आवृत्ती बसवताना तो अधिकार लागू शकतो, तेव्हा त्या दिवसापुरता द्यावा आणि संध्याकाळी काढून घ्यावा.

कळावे,
आपले विश्वासू,
नेटवर्क देखभालीचे काम करणारे काही तंत्रज्ञ